मैदानावरची पोरं आणि त्यांचे दात: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात शेवटी एक ओळ लिहिली होती, की घरात कुणी खेळणारं पोर असेल आणि त्याच्या दातांबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की दोन रविवार वाचण्यातच गेले. गुडघा, खांदा, डाएट यावर सगळे बोलतात पण दातांचं कुणी विचारत नाही असं मला, दातांची डॉक्टर म्हणून, इतकी वर्षं वाटायचं, ते चुकीचं होतं, लोकांना विचारायचं असतं फक्त कुठे विचारायचं ते कळत नाही. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही म्हणून त्यातले सात प्रश्न घेतलेत, नावं गाळलीत.

मी सांगोला तालुक्यात शाळेत खेळाचा शिक्षक आहे, मुलांची कबड्डीची टीम आहे. मागच्या महिन्यात पकडीच्या वेळी एकाचं डोकं दुसऱ्याच्या तोंडावर आपटलं आणि १४ वर्षांच्या मुलाचा वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. आम्ही दात नळाखाली घासून स्वच्छ केला, कागदात गुंडाळला आणि पोराला गाडीवर बसवून तालुक्याला नेलं. पोचायला सव्वा तास लागला. डॉक्टर म्हणाले आता टिकेल असं वाटत नाही. आमचं काय चुकलं?

सर, आधी एक सांगते, तुम्ही दात शोधला आणि सोबत नेला हेच बरेच जण करत नाहीत, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. चूक झाली ती माहिती नसल्यामुळे, आणि ती माहिती प्रत्येक पीटीच्या सरांना असायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

दात मुळासकट निघतो तेव्हा मुळाच्या भोवती एक पातळ, ओलसर पडदा चिकटलेला असतो. डोळ्याला नीट दिसत पण नाही, पण दात हाडाला परत धरणार की नाही ते सगळं त्या पडद्यातल्या जिवंत पेशींवर असतं. दात घासून धुतला की त्या पेशी निघून जातात, कागदात किंवा रुमालात गुंडाळला की सुकून मरतात. अर्धा तास कोरडा राहिला की बऱ्याचशा गेलेल्या असतात आणि तासाभरानंतर जवळजवळ काहीच उरत नाही. माझ्याकडे एकदा एका मुलीची आई काडेपेटीत दात घेऊन आली होती, दुपारी पडलेला आणि संध्याकाळी आणलेला, हातात घेतला तर शेंगदाण्याच्या टरफलासारखा कोरडा ठक्क. मी तो बसवला, पण तो फार वर्षं राहणार नाही हे तिला सांगताना मला फार जड गेलं.

आता परत असं झालं तर काय करायचं ते सांगते. सगळ्यात आधी पोराकडे बघा, दाताकडे नंतर. बेशुद्ध झाला होता का, उलटी होतेय का, काहीतरी असंबद्ध बोलतोय का, तसं असेल तर सरळ हॉस्पिटल. तो ठीक असेल तर दात शोधा आणि उचलताना पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर थंड दुधात किंवा नळाच्या पाण्यात दहा सेकंद नुसता विसळा, घासायचं नाही, साबण नाही, अँटिसेप्टिक तर अजिबात नाही. आणि मग जमत असेल तर तिथेच, मैदानावरच, तो दात त्याच्या खड्ड्यात परत बसवा, गुळगुळीत फुगीर बाजू ओठाकडे ठेवून हळूच दाबायचा आणि पोराला स्वच्छ रुमाल दाताखाली धरून चावायला सांगायचं. ऐकायला भयंकर वाटतं, मला माहितेय, पण पहिल्या पाच-दहा मिनिटांत ते जितकं सोपं जातं तितकं नंतर आम्हालाही जात नाही. हिंमत होत नसेल किंवा पोरगं फार घाबरलं असेल तर दात दुधात टाका. साधं पिशवीतलं दूध, गाईचं म्हशीचं काहीही चालतं, फक्त थंड असावं. दूध नसेलच तर एका भांड्यात पोराला थुंकायला सांगा आणि त्या थुंकीत दात ठेवा. साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात.

हे सगळं पक्क्या दातांसाठी बरं का. पाच-सहा वर्षांच्या पोराचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही, खालच्या येणाऱ्या दाताला इजा होते.

डॉक्टरकडे गेल्यावर तो दात शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात, धनुर्वाताचं इंजेक्शन बघतात, आणि मुळाचं टोक पूर्ण तयार झालेलं असेल तर त्या दोन आठवड्यांतच रूट कॅनल सुरू करतात. तेवढे दिवस कबड्डी बंद, मऊ खाणं, मऊ ब्रश. आणि उशीर झाला म्हणून दात फेकून देऊ नका, उशिरा बसवलेला दात सुद्धा काही वर्षं जागा आणि हाड राखून ठेवतो. १४ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे कारण जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कायमचा खोटा दात, बसवता येत नाही, म्हणजे निदान १८-१९ वर्षांपर्यंत तरी. तोवर काढता-घालता खोटा दात घेऊन कॉलेजात जायचं, हसताना तोंडावर हात धरायचा, मी बघितलीत अशी पोरं.

राहिला माऊथगार्डचा मुद्दा. बॉक्सिंगमध्ये त्याशिवाय रिंगमध्ये घेत नाहीत, कबड्डीत मात्र कुणी विचारत नाही, आणि कारण पोरंच सांगतात की मॅडम चढाईला जाताना कबड्डी कबड्डी म्हणायचं कसं. बरोबर आहे त्यांचं. दुकानात मिळणारं तयार माऊथगार्ड ढगळ असतं, दात आवळून धरावं लागतं, त्यात दम घुमवणं अवघडच. गरम पाण्यात मऊ करून चावून आकार द्यायचं जे मिळतं ते त्यापेक्षा बरं. पण डेंटिस्टकडे दातांचं माप देऊन करून घेतलेलं वरच्या दातांना असं चिकटून बसतं की तोंड उघडलं तरी पडत नाही, आठवडाभर प्रॅक्टिसला घातलं की जीभ सरावते आणि शब्द स्पष्ट येतात. खर्च होतो, मान्य आहे. सगळ्या टीमला परवडत नसेल तर निदान पकडीला कोपरा आणि कव्हरच्या जागी खेळणाऱ्या पोरांपासून सुरू करा, कारण चढाईवाल्याचे गुडघे आणि टाचा जास्त करून त्यांच्याच तोंडाकडे येतात. आणि सामन्याच्या दिवशी प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी बर्फात एक अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी ठेवा. नाही लागली तर सामना संपल्यावर चहाला होते.

मुलगा १५ वर्षांचा, नाशिकमध्ये बॅडमिंटन खेळतो, रोज तीन तास प्रॅक्टिस. साखर फार खात नाही, दोन वेळा ब्रश करतो, तरी एका वर्षात चार दाढा किडल्या. डेंटिस्ट म्हणाल्या स्पोर्ट्स ड्रिंक बंद करा. पण कोच म्हणतात ते लागतंच. कुणाचं ऐकू?

ताई, दोघांचंही थोडं थोडं ऐकायचंय, पण डेंटिस्टचं जास्त.

दातावरचं जे कडक कवच असतं, इनॅमल, ते आम्लात विरघळतं. तोंडातला पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण साडेपाचच्या खाली गेला की विरघळायला लागतं, आणि बरीचशी स्पोर्ट्स ड्रिंक ३ ते ४ च्या दरम्यान असतात. वर त्यात साधारण ६ टक्के साखर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम, चहाचे सहा-सात चमचे. तुम्ही म्हणता तो साखर फार खात नाही, पण तो ती पितोय. आणि खरा घोळ किती पितो यापेक्षा कसं पितो यात आहे. बाटली कोर्टच्या कडेला ठेवलेली असते, प्रत्येक गेमनंतर दोन घोट, परत दोन घोट, तीन तास. एकदा गोड-आंबट तोंडात गेलं की लाळेला ते सावरायला वीसेक मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि तो सावरायला वेळच देत नाहीये. त्यात खेळताना पोरं तोंडाने श्वास घेतात, लाळ कमी आणि चिकट होते, म्हणजे दाताचा जो रखवालदार तोच नेमका त्या वेळी रजेवर असतो.

हे फक्त आपल्याकडच्या पोरांचं नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या डेंटल क्लिनिकमध्ये २५ खेळांतले ३०२ खेळाडू तपासले होते, त्यातल्या ५५ टक्क्यांना कीड होती, ४५ टक्क्यांचं इनॅमल झिजलेलं होतं, ७६ टक्क्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या, आणि १८ टक्के खेळाडू स्वतः म्हणाले की दातांमुळे आमच्या ट्रेनिंगवर किंवा खेळावर परिणाम झालाय. ऑलिंपिकपर्यंत पोचलेली माणसं ही! नंतर २०१९ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या लोकांनी ब्रिटनमधल्या ३५२ ऑलिंपिक आणि प्रोफेशनल खेळाडूंचा अभ्यास छापला, त्यात ९४ टक्के दिवसातून दोनदा ब्रश करणारे होते आणि तरीही जवळजवळ निम्म्यांना उपचार न केलेली कीड होती. ८७ टक्के स्पोर्ट्स ड्रिंक पिणारे होते. तुमच्या मुलासारखंच सगळं, ब्रश करूनही कीड. त्यामुळे त्याला आळशी म्हणून ओरडू नका.

मग करायचं काय. तासाभराची प्रॅक्टिस असेल तर साधं पाणी पुरतं. तीन तासांची असेल आणि घाम खूप येत असेल तर मधल्या ब्रेकमध्ये एकदाच, पाच मिनिटांत, जे काय प्यायचं ते पिऊन संपवायचं आणि लगेच साध्या पाण्याची खळखळून चूळ भरायची, मग उरलेला वेळ फक्त पाणी. हाच नियम घरच्या लिंबू सरबतालाही, लिंबाच्या रसाचा पीएच अडीचच्याही खाली असतो, घरी केलं म्हणून दाताला कमी लागतं असं नाही. ग्लुकोज पावडर तळहातावर घेऊन चाटत बसायची जी सवय असते ना पोरांना, ती आधी बंद करा. आंबट काही प्यायल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, तेव्हा इनॅमल मऊ झालेलं असतं, अर्धा-पाऊण तास जाऊ दे.

खायला चिक्की आणि खजूर देत असाल तर ते चांगलंच आहे पण दाढांच्या खाचांत तासन् तास चिकटून राहतं, ते प्रॅक्टिसच्या मध्ये देण्यापेक्षा जेवणासोबत द्या. मधल्या वेळी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, उकडलेलं अंडं, पनीरचा तुकडा. घरी आल्यावर बिनसाखरेचं दूध, दाताला पण चांगलं आणि स्नायूला पण.

आणि रात्री. तीन तास खेळून आलेलं पोर जेवता जेवता पेंगतं आणि तसंच झोपतं, दोन वेळा ब्रश करतो म्हणजे नेमकं कधी हे एकदा स्वतः बघा. झोपेत लाळ सगळ्यात कमी असते, म्हणून रात्रीचा ब्रश चुकला तर सकाळचा कितीही घासला तरी भरपाई होत नाही. ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास लिहिलंय का ते वाचा, दोन मिनिटं ब्रश, मग नुसतं थुंकायचं, पाण्याच्या दहा गुळण्या करून ते फ्लोराइड धुवून टाकायचं नाही. हे शेवटचं जवळजवळ प्रत्येक घरात चुकतं.

मी १९ वर्षांचा, तालमीत राहतो. वरच्या पुढच्या दातांना आतून धार आल्यासारखी वाटते, गार पाणी लागलं की कळ जाते, ऊस खाल्ला तर दात आंबतात. स्पर्धेआधी पाच-सहा किलो वजन तोडतो, पाणी बंद करतो, च्युइंगम चावून थुंकत राहतो. कधी जास्त खाल्लं तर उलटी काढतो. लहानपणापासून मिश्री लावतो, आजीची सवय. तालमीतली थंडाई पण पितो, ती बंद करू का? हे कुणाला सांगितलेलं नाही.

पैलवान, तू सांगितलंस हे फार बरं केलंस. मी तुला रागावणार नाही.

वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजणं, याचं कारण बऱ्याचदा उलटीच असते. पोटातलं आम्ल लिंबापेक्षाही जहाल, आणि उलटी येताना ते नेमकं टाळूकडून त्या दातांच्या मागच्या बाजूवर आदळतं. आम्ही आरशात बघितलं की लगेच ओळखतो, पण बहुतेक पोरं तोंड उघडूनही कारण सांगत नाहीत. त्यात तू पाणी बंद करतोस, म्हणजे लाळ नाही, आणि जी थोडीफार येते ती गम चावून थुंकून टाकतोस. दाताला वाचवणारं तोंडात काहीच उरत नाही. गम साखरेचा असेल तर आणखी वाईट.

उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नकोस. ग्लासभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भर, सोडा नसेल तर साधं पाणी. तासाभराने मऊ ब्रश. झिजलेल्या भागावर डेंटिस्ट लेप देऊ शकतात, फार झीज असेल तर दाताच्या रंगाचं फिलिंग लावून झाकता येतं, दात जाणार नाहीत. पण उलटी चालू असेल तर ते फिलिंगसुद्धा टिकणार नाही. म्हणून वस्तादांशी वजनाबद्दल बोल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून विनेश फोगाटचं काय झालं ते सगळ्या तालमींनी बघितलंय, त्यामुळे आता हा विषय काढणं पूर्वीइतकं अवघड नाही. एकतर वरच्या गटात खेळायचं किंवा महिना-दीड महिना आधीपासून हळूहळू उतरायचं. आणि जास्त खाल्लं की उलटी काढावीशी वाटणं हे वारंवार होत असेल तर त्यासाठी एखाद्या मानसोपचार तज्ज्ञांना भेट, हा आजार असतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि तो बरा होतो.

आता मिश्री. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखू, दुसरं काही नाही. दात साफ होतात असं वाटतं कारण ती खरखरीत असते, पण तीच खरखर तुझं उरलेलं इनॅमल घासून नेतेय. निकोटीनने हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून मिश्री लावणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येत नाही आणि त्याला वाटतं हिरड्या मजबूत आहेत, आत मात्र हाड झडत असतं. कॅन्सरचं मी वेगळं सांगत नाही, तुला माहीत आहे. आजीला पण सांग, माझ्या नावाने सांग. एकदम सोडलं की चार-पाच दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, म्हणून स्पर्धेच्या आधी नको, स्पर्धा झाल्यावर जो मोकळा आठवडा मिळतो त्यात सोड.

थंडाई बंद करायची गरज नाही. पी, आणि प्यायल्यावर चूळ भर.

मुलगी १२ वर्षांची, ठाण्यात पोहायला जाते, आठवड्याला दहा-बारा तास. पुढच्या दातांवर तपकिरी डाग पडलेत, ब्रशने जात नाहीत. शाळेत चिडवतात.

हे जास्त पोहणाऱ्या मुलांमध्ये दिसतं, आठवड्याला सहा तासांच्या वर पोहणाऱ्यांत विशेष. टँकच्या पाण्यातल्या रसायनांमुळे लाळेतली प्रथिनं पटकन फुटतात आणि दातावर तपकिरी थर होऊन बसतात. कीड नाही ती. डेंटिस्टकडे क्लीनिंग केलं की एका बैठकीत जातं, परत येतं, वर्षातून दोनदा करून घ्या. पोहून झालं की साध्या पाण्याची चूळ, आणि पोहताना तोंड मिटून ठेवायची सवय, जितकं जमेल तितकं.

पण एक गोष्ट विचारते, दात खरखरीत लागतात का, गार लागलं की कळ येते का? तसं असेल तर मामला वेगळा, मग टँकचं पाणी आम्लयुक्त झालेलं असू शकतं. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असायला हवा. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये १९८३ साली एका क्लबच्या टँकचा पीएच २.७ निघाला होता आणि तिथल्या स्विमिंग टीमच्या मुलांचं इनॅमल झिजून गेलं होतं, पोहताना कुणाला काही कळलंसुद्धा नाही. टँकवर रोजच्या तपासणीची वही असते, ती बघायला मागा. संकोच करू नका, फी भरता तुम्ही. पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या पण बाजारात मिळतात.

मी बीड जिल्ह्यातला, आर्मी भरतीची तयारी करतोय, १६०० मीटर चांगलं मारतो. मित्र म्हणतात मेडिकलला दात मोजतात आणि १४ पॉइंट लागतात. माझ्या तीन दाढा किडल्यात, एक काढलीय. मावा खातो, पण कमी. होईल का?

खरंय, आर्मीत दातांचे किमान १४ पॉइंट लागतात. सगळे ३२ दात धड असतील तर २२ होतात. वरचा दात आणि त्याच्या समोरचा खालचा दात नीट एकमेकांवर टेकत असतील तर त्या जोडीचा पॉइंट मिळतो, पुढच्या दातांना आणि छोट्या दाढांना एक-एक, मोठ्या दाढांना दोन-दोन. आता बघ, तू एक मोठी दाढ काढलीस म्हणजे तिच्या जोडीचे दोन पॉइंट गेले, समोरची दाढ कितीही चांगली असली तरी. म्हणून उरलेल्या तीन किडलेल्या दाढा काढू नकोस, वाचव. दुखतेय तर काढून टाका, असं भरतीच्या पोरांकडून मी इतक्यांदा ऐकते आणि दर वेळी जीव तुटतो. कीड वरवर असेल तर फिलिंग, खोल गेली असेल तर रूट कॅनल. हिरड्यांचा जोराचा पायरिया असेल तरी बाद करतात, त्यामुळे क्लीनिंग पण करून घे. पैशाची अडचण असेल तर आधी जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात जा, आणि तुला छत्रपती संभाजीनगरचं सरकारी डेंटल कॉलेज जवळ पडेल, तिथे अगदी कमी खर्चात होतं. भरतीची जाहिरात यायची वाट बघू नकोस, तीन दाढांना दोन-तीन महिने सहज लागतात.

आणि माव्याचं कमी-जास्त काही नसतं रे. आरशासमोर उभा राहा, तोंड पूर्ण उघड आणि तुझी स्वतःची तीन बोटं उभी आत घालून बघ. तीन जात असतील तर आज वेळ आहे. दोनच जात असतील, तिखट खाल्लं की तोंडात आग होत असेल, गाल आतून पांढरट आणि ताठ लागत असतील, तर ते सुपारीमुळे आहे, आतली कातडी आखडत चाललीय, आणि ते मागे फिरत नाही, पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. तसं असेल तर भरतीचं बाजूला ठेवून याच आठवड्यात तोंड दाखव. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे तरी पोरांच्या खिशात काय असतं ते मला तोंड उघडलं की दिसतं.

मी १७ वर्षांची, राज्यस्तरीय ॲथलेटिक्स खेळते. स्पर्धेच्या आदल्या रात्री अक्कलदाढ ठणकायला लागली. भावाच्या गोळ्या होत्या त्यातली एक घेतली. नंतर मैत्रीण म्हणाली डोपिंगमध्ये सापडली असतीस. खरं का?

गोळी कोणती त्यावर आहे. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनवर बंदी नाही. पण ट्रॅमाडॉल नावाचं दुखण्याचं औषध १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे, आणि आपल्याकडे ते पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत येतं, म्हणजे पाकीट न वाचता घेतलं तर कळणारही नाही. स्पर्धेचा काळ आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनीच सुरू होतो. दुसरं, अक्कलदाढ काढल्यावर सूज येऊ नये म्हणून काही डॉक्टर स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन देतात, त्यावरही स्पर्धेच्या काळात बंदी आहे. दाढ बधिर करायच्या इंजेक्शनवर मात्र नाही, त्याला घाबरू नकोस. तपासणीत सापडलं तर भावाची गोळी होती हे कारण चालत नाही, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. डेंटिस्टच्या खुर्चीत बसलीस की पहिलं वाक्य हेच बोलायचं, की मी स्पर्धा खेळते. नाडाचं, म्हणजे आपल्या देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेचं, नो युअर मेडिसिन म्हणून ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघता येतं.

रात्री ठणका लागला तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, बाहेरून थंड शेक दे. गोळी फोडून हिरडीवर लावायची नाही, हिरडी भाजते. आणि ती अक्कलदाढ आता गप्प बसली म्हणून सोडून देऊ नकोस, अर्धवट वर आलेली दाढ ताण असला, झोप कमी झाली की परत सुजते, आणि तसा ताण नेमका स्पर्धेच्या आठवड्यातच असतो. सीझन संपल्या संपल्या एक्स-रे काढ, काढायची असेल तर तेव्हाच काढ.

मुलगी १३ वर्षांची, खो-खो खेळते, नुकत्याच दातांना तारा लावल्यात. एकदा खांबावर तोंड आपटून ओठ आतून फाटला. तारा काढून टाकाव्या की खेळ बंद करावा?

दोन्ही नको! मी स्वतः शाळेत खो-खो खेळलेय, खांबापाशी सूर मारताना तोंड कुठे जातं ते मला चांगलं माहितेय. तारा असलेल्यांसाठी वेगळं माऊथगार्ड मिळतं, आतून जास्त जागा असलेलं, ते तारांवर दाबत नाही आणि ओठ आणि तार यांच्यामध्ये गादीसारखं राहतं. गरम पाण्यात टाकून चावायचं साधं घेऊ नका, ते तारांमध्ये घुसून बसतं आणि काढताना तार निघते, शिवाय दात महिन्या-महिन्याला सरकत असतात. तारांच्या डॉक्टरकडेच विचारा, आणि दर वेळी तार बदलायला जाताना माऊथगार्ड सोबत न्या म्हणजे बसतंय का ते बघतील. तोवर मैदानावर जाताना तारांवर लावायचं मेण द्या, पिशवीत पण एक तुकडा असू द्या.

माऊथगार्ड खेळून झाल्यावर थंड पाण्याने आणि ब्रशने धुवायचं, गरम पाण्याने नाही, वाकडं होतं, उन्हात गाडीत राहिलं तरी होतं. भोकं असलेल्या डबीत ठेवायचं म्हणजे वास येत नाही. डबीवर मार्करने नाव लिहून द्या, या वयाच्या मुली एकमेकींचं सगळं वापरतात.